गळती शोधावी वरून

सकाळी साडेसात

जानेवारीत सातपूर-अंबड लिंक रोडवर सकाळी बोचरी थंडी असते. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा नाशिक शहरही फार मागे नसतं. मी शटर वर करतो तेव्हा रात्रभर उभ्या असलेल्या गाड्या पार गारठलेल्या असतात. माझ्या कामाला तेच हवं असतं. टॅपेट कव्हर खोलायचं ते थंड इंजिनावरच. गरम अ‍ॅल्युमिनियममधून बोल्ट ओढला की तो आटे सोबत घेऊन येतो, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत टॅपेटचं अंतरही इंजिन थंड असतानाच मोजायचं असतं.

मी गॅरेजमध्ये जुन्या गाड्या करतो. आज तीन महत्त्वाची कामं आहेत: दिंडोरीकडची मारुती ८००, एका निवृत्त गुरुजींची अ‍ॅम्बेसेडर आणि हरसूलहून आलेली महिंद्राची डिझेल जीप. तिघांची तक्रार एकच आहे, ऑइल गळतं.

रात्री प्रत्येक गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवलेला असतो. सकाळी तो बाहेर ओढायचा आणि डाग कुठे पडलेत ते पाहायचं. डागाची जागा, आकार आणि रंग यांतून अर्धी हकिकत कळते. उरलेली अर्धी हकिकत मात्र कायम वर, इंजिनाच्या माथ्यावर असते. ऑइल वरून खाली वाहतं, पंख्याची हवा ते मागे ढकलते आणि ते टपकतं भलत्याच जागी. म्हणून आमच्याकडे पहिला नियम हाच आहे: गळती खाली दिसली तरी शोधायची वरून.

सकाळी सव्वाआठ

मारुतीवाले भाऊ वेळेवर आले. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आहे, त्यांना गाडी संध्याकाळी हवी आहे. त्यांची काळजी मोठी आहे. दुसरीकडे कुणीतरी त्यांना सांगितलंय की क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पुठ्ठ्यावरचा डागही खरोखर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या खालीच आहे.

“भाऊ, गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी मला अर्धा तास द्या,” मी म्हणालो.

आमच्या हेल्परने इंजिनाची बाहेरची बाजू डिझेल आणि ब्रशने धुतली, हवेच्या पाइपने कोरडी केली. मग टॅपेट कव्हरच्या कडेला आणि डिस्ट्रिब्युटरच्या आसपास अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं. थोड्या वेळात कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या पावडरवर एक ओली रेघ उमटली आणि हळूहळू खाली उतरत गेली. ती जिथे पोहोचली तिथेच पुठ्ठ्यावरचा डाग होता. क्रँकचं सील कोरडं ठणठणीत होतं.

या ८०० मध्ये आणखी एक फसवी जागा असते. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकाशी बसतो आणि त्याची रबरी रिंग कडक झाली की तिथलं ऑइलही कव्हरमधून आल्यासारखं वाटतं. पावडर लावली की दोन्ही रेघा वेगळ्या दिसतात. भाऊंच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर कोरडा निघाला.

वाचकांपैकी ज्यांनी बॉनेटखाली कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या सर्वांत वर जे लांबट झाकण असतं ते टॅपेट कव्हर. त्याच्याखाली व्हॉल्व्ह, रॉकर आणि बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्टही ऑइलच्या शिडकाव्यात चालत असतात. हे झाकण हेडवर बसतं आणि दोघांच्या मध्ये जी पट्टी असते ती पॅकिंग, म्हणजे गॅसकेट. हेड गॅसकेटसारखा स्फोटाचा दाब हिच्यावर नसतो. हिचं काम आत उडणारं ऑइल आतच ठेवणं आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवणं एवढंच. काम हलकं, म्हणून लोक हिला किरकोळ समजतात. पण इथून झिरपलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं की केबिनमध्ये जळका वास येतो, धूर होतो, वाईट वेळी आगही लागते. टायमिंग बेल्टवर गेलं तर बेल्टचं रबर फुगतं. आणि डिपस्टिक न पाहता महिनोन्महिने गाडी पळवली तर ऑइल संपून इंजिन जाम होतं.

सकाळी साडेनऊ

इंजिन पुन्हा थंड होईपर्यंत कव्हरच्या भोवतीची घाण नीट पुसून घेतली, कारण झाकण उघडल्यावर तिथली माती थेट व्हॉल्व्हवर पडते. पाइप, केबल, वायर बाजूला घेताना प्रत्येकाला चिकटपट्टीची खूण केली. मग बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल केले.

कव्हर निघेना. हेल्परने सवयीने पेचकस फटीत घालायला उचलला. मी त्याचा हात धरला. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर पेचकसाने पडलेली एक खाच नवं पॅकिंगही भरून काढू शकत नाही. रबरी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके दिले आणि कव्हर सुटलं.

आतलं पॅकिंग बोटांनी वाकवलं तर वाळल्या पापडासारखं तुटलं. मूळ गोल कडा दबून चपट्या झाल्या होत्या. रबर उष्णतेत वर्षानुवर्षं दाबलेलं राहिलं की आपला मूळ आकार विसरतं, परत फुगत नाही, आणि मग ते पृष्ठभागावर दाब टाकत नाही. गळतीचं सर्वांत साधं कारण हेच.

पण या कव्हरखाली त्याहून काळजीची गोष्ट होती. आधी कुणीतरी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना भरपूर सिलिकॉन लावलं होतं. बाहेर आलेली लाल गोळी दिसत होती, तेवढीच आत गेली होती. आत गेलेलं सिलिकॉन सुटून ऑइलसोबत खाली चेंबरमध्ये जातं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकतं. जाळी बुजली की ऑइलचा दाब पडतो आणि बेअरिंगं कोरडी चालतात. झाकणावरची गळती थांबवायला लावलेला डिंक इंजिनाच्या तळाशी जाऊन इंजिन मारू शकतो. हेल्परला मी ते लाल तुकडे चिमट्याने एकेक वेचायला लावले आणि भाऊंना सांगून ऑइल, फिल्टर बदलायचं व चेंबर उतरवून जाळी बघायचं ठरवलं. जाळीवर तीन-चार तुकडे मिळाले. भाऊंनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिले.

सकाळी साडेदहा

स्कूटर काढून द्वारकेजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. ही खरेदी मी हेल्परवर सोडत नाही, कारण पॅकिंग निवडणं हा कामाचा निम्मा भाग आहे.

एकाच गाडीसाठी दुकानदार दोन-तीन पुड्या पुढे करतो. बाहेरून सगळी काळी रबरंच दिसतात, पण रबरा-रबरात फार फरक असतो. साधं नायट्राइल रबर ऑइलला चांगलं तोंड देतं, पण सतत शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे राहिलं की कडक होत जातं. अ‍ॅक्रिलिक रबर दीडशे अंशांच्या आसपास टिकतं. सिलिकॉन रबर दोनशेपर्यंत मऊ राहतं, पण ताणाला नाजूक असतं, बसवताना फाटू शकतं. इंजिन ऑइल साधारणपणे शंभर अंशांच्या आसपास असतं, पण मुंबईहून येणारी जुनी गाडी मे महिन्यात कसारा घाट चढते तेव्हा हेडच्या माथ्यावरची उष्णता त्याहून बरीच वर जाते. घाटात चालणाऱ्या गाडीला मी जास्त उष्णता सोसणारं रबर बघतो, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला चांगलं नायट्राइलही पुरतं.

पुडीवर रबराचा प्रकार लिहिलेला नसेल तर हाताने पारखावं लागतं. पॅकिंग नखाने दाबायचं, खूण लगेच भरून आली पाहिजे. दुमडून पाहायचं, घडीवर पांढरट रेघ किंवा बारीक भेगा दिसता कामा नयेत. साच्याच्या जोडाची कड पुढे आलेली असेल तर ते परत करायचं, तिथूनच झिरपणार. सोबत नेलेल्या जुन्या पॅकिंगवर ठेवून लांबी, जाडी आणि कोपऱ्यातल्या जिभल्या जुळवायच्या. आणि घडी घालून रबर बँडने आवळलेली पुडी घ्यायचीच नाही. तो वाकडेपणा खाचेत नीट बसत नाही.

पूर्वी आमच्या लिंक रोडवरच मोठा भंगार बाजार होता. २०१७ साली महापालिकेनं तो हटवला. जुन्या गाड्यांची कव्हरं, रॉकर, बोल्ट तिथे सापडायचे. तिथून आणलेलं जुनं कव्हर मी कित्येक गाड्यांना लावलं आहे, पण पॅकिंग कधी वापरलेलं आणलं नाही. एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग दुसऱ्या गाडीला बसत नाही.

मूळ कंपनीचं पॅकिंग आणि चांगलं बाजारातलं पॅकिंग यांतला फरक काही शे रुपयांचा असतो. मजुरी दोन्हीला तेवढीच लागते. म्हणून मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो की बचत करायची जागा ही नाही.

साडेअकरा

गॅरेजमध्ये परतलो तोवर हेल्परने व्हॉल्व्हवर स्वच्छ कापड अंथरून हेडची कड साफ करायला घेतली होती. लाकडी पट्टी घासून केलेली आमची खरवडणी यासाठी आहे. ग्राइंडरवरची घासचकती मी या कामाला वापरू देत नाही. ती अ‍ॅल्युमिनियम खाते आणि तिची बारीक करकर ऑइलमधून बेअरिंगात पोहोचते.

कव्हर उघडं आहेच, तर टॅपेट आधी सेट केले. इंजिन हाताने फिरवत एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असताना फिलर गेज सरकवलं. गेज सरकताना जरा घट्ट लागलं पाहिजे, पण अडकायला नको. ३ सिलिंडर, ७९६ सीसीचं हे इंजिन १९८३ च्या डिसेंबरपासून भारतीय रस्त्यांवर आहे. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण नाशिकच्या खेड्यापाड्यांत ती अजून रोजची गाडी आहे. तिला नीट ठेवणं म्हणजे एका शेतकरी घराला नव्या कर्जापासून वाचवणं असतं.

मग पृष्ठभाग पुसायचे. हेल्पर डिझेलची चिंधी घेऊन आला. मी ती बाजूला ठेवली. डिझेल स्वतःच तेलकट आहे, त्याचा थर राहिला तर काहीच धरत नाही. शेवटचं पुसणं थिनरने आणि स्वच्छ सुती कापडाने, कापड काळं यायचं थांबेपर्यंत.

पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडंच बसवलं. हेल्पर म्हणाला, “दादा, सगळीकडून थोडं सिलिकॉन लावू या ना, परत यायला नको गाडी.”

त्याला सकाळचे लाल तुकडे दाखवले. साच्यातल्या रबरी पॅकिंगला सगळीकडून सिलिकॉन लावलं की ते ओल्या गमवर घसरतं आणि बोल्ट आवळताना खाचेतून बाहेर निघतं. सिलिकॉन फक्त तिथे, जिथे दोन भाग जुळून सांधा झालाय: कॅमच्या टोकाचा कोपरा, किंवा ज्या इंजिनात हेडच्या शेवटाला अर्धगोल रबरी बूच असतं त्याच्या दोन टोकांशी. मुगाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. सरळ कडांना काहीही नाही.

या सिलिकॉनची एक गंमत नाशिकच्या हवेशी जोडलेली आहे. ते उष्णतेने सुकत नाही, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. आषाढात ते भराभर धरतं. आजच्यासारख्या कोरड्या थंडीत मात्र वेळ घेतं. साधारण परिस्थितीत चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर जाडीच घट्ट होते. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, ते धातूला गंज चढवू शकतं. म्हणून इंजिनाला बिनवासाचं, सेन्सरला चालणारं घ्यायचं. लाल, करडा, काळा या रंगांवरून प्रत कळत नाही, प्रत्येक कंपनी आपापला रंग ठरवते. नळीवरचं वाचायचं.

आता आवळणं. मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत. हलक्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनांना या बोल्टसाठी साधारण ५ ते १० न्यूटन-मीटर एवढाच जोर पुस्तकात सांगितलेला असतो. चाकाच्या नटाला लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मी छोटा टॉर्क पाना वापरतो. तो नसेल तर दहाच्या गोटीला लांब दांडा न लावता, स्क्रू ड्रायव्हरची मूठ लावून दोन बोटांनी आवळावं. गळतंय म्हणून आणखी एक वेढा आवळणं हीच सर्वांत महागात पडणारी सवय आहे: बोल्टजवळ पॅकिंग चिरडतं, दोन बोल्टांच्या मधला भाग उचलला जातो आणि गळती वाढते.

दुपारी एक

डबा. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी. कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या ठिपक्याला वेळ मिळावा म्हणून मारुती उभी ठेवली आहे. त्या मधल्या वेळात हेल्परची वही पाहिली. तो सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकतो आणि मी त्याला प्रत्येक गाडीचं कारण लिहायला लावतो: काय गळत होतं एवढं पुरत नाही, का गळत होतं ते लिहायचं. आजच्या पानावर त्याने लिहिलं, “रबर कडक. आधी जास्त गम.” पुरेसं आहे.

दुपारी दोन

गुरुजींची अ‍ॅम्बेसेडर. जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, मूळ ब्रिटनच्या बीएमसी कंपनीचं बी-सिरीज. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबलं, पण हे इंजिन त्याच्या कितीतरी आधीच्या पिढीचं. इथलं कव्हर दाबून घडवलेल्या पत्र्याचं आहे, वरून फक्त दोन नटांनी बसतं आणि खाली बुचाचं पॅकिंग असतं.

दोनच नट असल्याने सगळा दाब दोन जागी येतो. या घराण्यातल्या एमजीबी गाडीच्या पुस्तकात या नटांसाठी फक्त ४ फूट-पौंड, म्हणजे साधारण अर्धा किलोग्रॅम-मीटर जोर दिला आहे. गुरुजींच्या गाडीत कुणीतरी त्याच्या कितीतरी पट जोर लावला होता. नटांच्या खाली पत्रा खड्ड्यासारखा दबला होता, आणि रबरी बुशही कापले गेले होते. ते बुश नवे टाकले नाहीत तर ऑइल नटाच्या भोकातूनच वर येतं आणि दोष मात्र पॅकिंगला मिळतो.

कव्हर पालथं करून जाड काचेवर ठेवलं. काच सपाट असते, त्यामुळे जिथे उजेड दिसतो तिथे पत्रा वाकलेला. आत लाकडी ठोकळा धरून गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू दबलेला भाग वर आणला. घाई केली तर पत्रा ताणतो आणि लाटा उठतात. चारही कडांना काचेखालचा उजेड दिसायचा बंद झाला तेव्हा थांबलो.

“गुरुजी, पॅकिंग तर सगळेच बदलतात, पण खाली कव्हर वाकडं असेल तर नवं पॅकिंगही किती दिवस टिकणार?”

गुरुजी म्हणाले, “म्हणजे आतापर्यंत रोग सोडून औषधच बदलत होतो आपण.”

बूच हे भूमध्य समुद्राकडच्या बूच-ओकाच्या सालीपासून होतं, सर्वांत जास्त पोर्तुगालमध्ये. त्याचे दाणे चिकटवून पॅकिंगचे तक्ते बनवतात. बूच दाबलं तर सहज दबतं आणि पत्र्याच्या बारीक उणिवा भरून काढतं, म्हणून दाबून घडवलेल्या पत्र्याला ते चांगलं. पण कोरड्या हवेत पडून राहिलं की आकसतं. दुकानातून आणलेलं पॅकिंग कव्हरपेक्षा थोडं आखूड निघालं तर फेकू नये. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवलं, की ओलावा घेऊन मोकळं होतं. मग पुसून, कोरडं करून लावायचं.

बुचाच्या पॅकिंगला चिकट लावायचं ते फक्त कव्हरच्या बाजूला. गॅसकेट शेलॅकचा पातळ हात, जरा ओढ लागेपर्यंत थांबायचं, पॅकिंग जागेवर ठेवायचं आणि कव्हर काचेवर पालथं करून वरून वजन ठेवायचं, रात्रभर. हेडच्या बाजूला शेलॅक नाही, हलका ग्रीसचा हात. पुढच्या वेळी टॅपेट सेट करायला कव्हर काढलं की पॅकिंग कव्हरला चिकटलेलंच निघतं, तुटत नाही आणि अनेकदा पुन्हा वापरता येतं. गुरुजींना त्यामुळे आज गाडी मिळणार नाही. त्यांना ते मान्य आहे.

दुपारी साडेतीन

हरसूलची जीप. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि त्या इंजिनांनी ग्रामीण महाराष्ट्राचे रस्ते गाजवले. आमच्या जिल्ह्याचं या गाड्यांशी घरचं नातं आहे: इगतपुरीला महिंद्राचा इंजिन कारखाना आहे, आणि सातपूरच्या कारखान्यातून २००० साली बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवणारी मायको, म्हणजे आजची बॉश, तिचाही कारखाना सातपूरलाच. त्यामुळे ही इंजिनं समजणारी माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात.

काका वैतागले होते. “दादा, किती पॅकिंगं बदलली. महिना झाला की पुन्हा गळतं.”

पुन्हा पुन्हा गळणाऱ्या गाडीचं कव्हर मी लगेच खोलत नाही. आधी इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. डिझेल इंजिनात थोडी वाफ येतेच, पण इथे जोराचे भपके हाताला लागत होते. पिस्टनच्या कडेने थोडा वायू कायम खाली निसटतो आणि तो बाहेर पडायला ब्रीदरची वाट असते. ती वाट बंद झाली की इंजिनाच्या आत दाब साचतो आणि सर्वांत कमजोर सांध्यातून ऑइल ढकलतो. बहुतेकदा हा सांधा टॅपेट कव्हरचा असतो.

ब्रीदरचा पाइप काढला. चिखल आणि काळ्या मळीने तो जवळजवळ पूर्ण बुजला होता. डिझेलमध्ये बुडवून, तार फिरवून, हवा मारून साफ केला. पुन्हा हात धरून पाहिला तर भपके बरेच सौम्य झाले होते. मग कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे, वापरण्याजोगे. रिंगा झिजलेल्या असत्या तर काकांना सरळ सांगितलं असतं की पॅकिंगवर पैसे घालू नका, आधी इंजिनाचं काम करा.

त्यानंतर पॅकिंग. या मॉडेलचं तयार पॅकिंग दुकानात नव्हतं, त्यामुळे कापून केलं. बुचाचे दाणे रबरात मिसळलेला ३ मिलिमीटरचा तक्ता घेतला. नुसत्या बुचापेक्षा तो ऑइलमध्ये जास्त टिकतो आणि आकसत नाही. कव्हरच्या कडेला शाईचा हात दिला, तक्त्यावर ठेवून दाबलं, ठसा उमटला. बोल्टची भोकं आधी, पंच आणि लाकडी पाटावर. भोकं जुळली की बाकीचं जुळतं. आतली कड आधी कापायची, बाहेरची शेवटी, म्हणजे कापताना पट्टी हलत नाही. कोपऱ्यात चाकूने सरळ काप दिला तर तिथून चीर पुढे जाते, त्यामुळे आधी गोल भोक पाडून मग दोन बाजूंनी काप आणायचा. हे काम आता फार थोडी गॅरेजं करतात. आमच्या हेल्परला मी ते शिकवतो, कारण पाच-दहा वर्षांनी या गाड्यांची तयार पॅकिंगं मिळणार नाहीत आणि गाड्या मात्र चालतच राहतील.

तक्त्याची जाडीही बघावी लागते. फार पातळ घेतला तर काही इंजिनांत रॉकर कव्हरला आतून लागतो. फार जाड घेतला तर आवळताना तो बाहेर पिचकतो.

संध्याकाळी पाच

अचानक आलेलं काम: पहिल्या पिढीची होंडा सिटी, इंजिन धडधडतंय. या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात प्लग कव्हरच्या मधल्या खोल नळ्यांत असतात आणि प्रत्येक नळीभोवती रबरी रिंग असते. प्लगची वायर काढली तर एका नळीत ऑइल साचलेलं. ऑइलने वायरची टोपी फुगते, स्पार्क बाजूला उडी मारतो आणि इंजिन झटके देतं. ऑइल आधी शोषून काढायचं, मगच प्लग सोडायचा, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये जातं. अशा गाडीत नुसतं बाहेरचं पॅकिंग मागू नये, नळ्यांच्या रिंगा सोबत असलेला पूर्ण संच मागावा. उद्या सकाळी, थंड इंजिनावर.

संध्याकाळी सहा

मारुती घेऊन भाऊंसोबत बाहेर पडलो. अंबडहून पांडवलेणीपर्यंत आणि पुढे महामार्गाने विल्होळीपर्यंत. इंजिन पूर्ण तापू दिलं, परत येताना चढावर थोडा जोर दिला. परतल्यावर बॉनेट उघडून आरशाने मागचा कोपरा पाहिला, कोरडा. केबिनमधला जळका वास गेलेला. बोल्टला पुन्हा हात लावला नाही. रबरी पॅकिंग एकदा ठरलेल्या जोरावर आवळलं की सोडून द्यायचं. बुचाचं तसं नाही. ते पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत बसतं, त्यामुळे गुरुजींना काहीशे किलोमीटरनंतर परत बोलावणार आहे, तेव्हा थंड इंजिनावर नट हलकेच पुन्हा पाहायचे.

भाऊंनी विचारलं, “गिअरबॉक्स नाही उतरवावा लागला, ते बरंच झालं. पण मी आता काय बघत राहू?”

मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. आठवड्यातून एकदा सपाट जागेवर डिपस्टिक पाहा. ऑइल बदलताना ब्रीदरचा पाइप साफ करायला सांगा. आणि पुन्हा कधी गळालं तर बोल्ट आवळू देऊ नका, आधी पावडर लावून जागा शोधायला सांगा.

संध्याकाळी साडेसात

काढलेलं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं, ते अधिकृत घेणाऱ्यालाच देतो. आमच्या भागातला नाला नासर्डीला मिळतो आणि नासर्डी गोदावरीला. गळतं इंजिन दुरुस्त करून त्याचं ऑइल गटारात ओतायचं, हे मला पटत नाही. रस्त्यावर रोज थेंब थेंब सांडणारी गाडी तरी वेगळं काय करते? गळती थांबवणं हे गाडीच्या भल्याचं आहे तसं नदीच्याही भल्याचं आहे.

शेवटचं काम बिल. माझ्या बिलावर पैशांच्या आकड्याखाली नेहमी तीन ओळी असतात. पहिली, गळतीचं कारण. दुसरी, कोणतं पॅकिंग आणि कोणता चिकट कुठे लावला. तिसरी, पुढे काय तपासायचं. काकांच्या बिलावर आज लिहिलं: ब्रीदर बुजलेला होता, साफ केला, रबर-बुचाचं ३ मिमी पॅकिंग कापून बसवलं, सिलिकॉन नाही, दर ऑइल बदलाला ब्रीदर साफ करावा. काकांनी ते नीट घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं. हरसूलला असो, पेठला असो वा जव्हारला, पुढचं कव्हर जो कुणी मिस्त्री उघडेल त्याला हातोडी उचलायच्या आधी कळेल की आत काय आहे आणि ते का आहे. जुनी गाडी अशीच एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे जात जगते, आणि त्या प्रवासात तिच्यासोबत कारणंही गेली पाहिजेत.